एक सवाशीण पाहिजे

सोनाळा, ता. ८ मार्च १९३१

दादा,

हे पत्र मी दोन महिने लांबवलं. आधी शाई नव्हती. शाई मिळाली तर टाक मोडला. मग कांद्याची लावण आली, मग होळी. खरं कारण एवढंच, की तुला काय म्हणून सुरुवात करावी ते सुचेना. शाळेत घोकलेला मायना तुझ्यामाझ्यात आता बसत नाही. नमस्कार केला आहे, घ्यायचा तर घे, नाहीतर ओसरीवर पडू दे.

पाकिटावर मात्र तुझं नाव पुरतं लिहिलंय, उकंडराव. हल्ली तू सहीत नुसता 'उ' काढून पुढं शेपटी ओढतोस, ते मला ठाऊक आहे. तुझ्याआधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं तुला जन्मल्याबरोबर उकंड्यावर नेऊन ठेवलं, मरणाला वाटावं की हे कचऱ्यातलं आहे. म्हणून हे नाव. त्या नावानं तू जगलास, आणि आता त्याचीच लाज. पण असो, मी लगेच भांडायला लागलो.

बहिणीची काळजी करत असशील तर, कोकिळा माझ्याजवळ आहे आणि खुशाल आहे. पौषात तिला मेहकरला बालाजीच्या दर्शनाला नेतो असं तुला सांगून नेलं. दर्शन झालं, ते खोटं नाही. तिथून मात्र आम्ही डोणगावचा रस्ता सोडला आणि खामगावच्या मोटारीत चढलो. अर्ध्या वाटेत तिला ओकारी झाली. पदरानं तोंड पुसलं आणि हसायला लागली. "भाऊ, पुन्हा बसू ना यात?" नवरा गेल्यापासूनच्या चार वर्षांत मी तिला हसताना पाहिली नव्हती. पाहणार कसा म्हणा, मी घरी होतो कुठं.

सोनाळा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी. उत्तरेकडं पाहिलं की डोंगर भिंतीसारखा उभा. आपल्या डोणगावला नजर कुठंच अडत नाही, म्हणूनच की काय आपली माणसं एकमेकांवर नजर ठेवत बसतात. इथं बाजाराला डोंगरातून कोरकू येतात, डिंक आणि चारोळी घेऊन. मी एकाला विचारलं, तुमच्यात नवरा मेला तर बाई काय करते? तो म्हणाला, "जेवते. और क्या करेगी?" आणि माझ्याकडं असा पाहू लागला की मलाच लाज वाटली. पण हे मी कशाला सांगतोय?

कामाचं सांगतो. कोकिळेचा पाट ठरला आहे, दुसरं लग्न.

माणूस कडूबा. आपल्याच जातीतला, तीस वर्षांचा, अजून बिनलग्नाचा. चार एकर वावर, चुलतभावाशी सामायिक विहीर, दिवसाला बोलणं बारा शब्द. मागं मी इकडं भटकत आलो आणि तापानं पडलो, तेव्हा यानं महिनाभर घरी ठेवून मला जगवला. कोकिळा त्याच्या वावरात कांदे लावायला जायला लागली. आधी ती कुजबुजत बोलायची, तुझ्या घरातली सवय. महिन्याभरात तिचा आवाज विहिरीच्या या काठावरून त्या काठावर जायला लागला. मोट हाकणाऱ्या कडूबाला ओरडून सांगायची, "ओ, पानी तिकडं कायले सोडता? अठी वाफे सुकून राह्यले!" तो बिचारा पाणी वळवायचा. एक दिवस त्यानं पाणी वळवून, मान खाली घालून मला विचारलं. कोकिळेला मी विचारलं. ती म्हणाली, "हाव."

तुझी परवानगी मागत नाही. इथं रंगराव म्हणून जातीतले वडीलधारे आहेत. ते म्हणाले, "पोरीच्या घरच्या कर्त्या मानसाले कळवा, मांगून बोंबाबोंब नको." म्हणून हे पत्र. दिवस धरलाय चैत्र वद्य अष्टमीचा, शुक्रवार, १० एप्रिल.

आता एक गोष्ट आहे ती कोकिळेच्याच शब्दांत लिहितो, कारण मी लिहिली तर तुला वाटेल मी भरवली. ती म्हणते, "पाट दिवसा होईन. अंगनात होईन. आन मले कुंकू सवाशीन लावीन."

तुझा भाऊ
शेषराव


सोनाळा, ता. २२ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. मला नाही, रंगरावांना. पण रंगरावांना अक्षर येत नाही, तेव्हा ते मलाच वाचावं लागलं, भर ओसरीवर, पंधरा माणसांत. तू काय लिहिलंस ते विसरला असशील तर पुन्हा वाच: 'मुलीस फसवून नेली आहे. परंतु झाल्या गोष्टीस इलाज नाही. रीतीप्रमाणे अंधाऱ्या पक्षात, रात्रीचे वेळी, बाहेरच्या बाहेर उरकून घ्यावे. आमचे गावाचे व घराचे नाव कोठे निघू नये.' खाली 'उ' आणि शेपटी.

मला वाटलं होतं तू शिव्या देशील. शिव्या चालल्या असत्या. कोकिळा दाराशी उभी होती. ती एवढंच बोलली, "म्हंजे चालते. पन दिसू नाई."

अंबूची सोयरीक तू मोठ्या देशमुखी घरात पाहतोस, आणि त्या घरात पाट लावत नाहीत. पोरगी अकरा वर्षांची, आणि तिच्यापायी तिच्या आत्यानं अंधारात लपायचं. बरं, आपण तसले मोठे झालो कधी? मला आठवतं. लढाई संपली त्या साली कापसाला भाव आला, तू माळवद घातलंस, आणि अन्नपूर्णावहिनींना वावरात जायला बंदी केलीस. वहिनी वेचणीला अख्ख्या शिवारात पहिली असायची. तिच्या मागं ओटीत कापूस ठासून मी धावायचो. भाव चढला आणि आपल्या घरच्या बाया आत गेल्या. आता दोन वर्षं झाली, भाव मातीत गेला. बाया आतच आहेत. म्हणजे हे आपल्या रक्तात होतं म्हणतोस ते खोटं. ते बाजारात होतं, आणि बाजार उठला तरी आपण तिथंच बसलो.

मी हे असं काऊन बोलतो, ते सांगतो. दिवाळीच्या सुमारास शिरगणतीसाठी घरांवर नंबर टाकायचं काम मिळालं होतं. काव आणि कुंचा घेऊन मलकापूरकडची गावंच्या गावं फिरलो. कारकून विचारायचा, घरात बाया किती, लग्नाच्या किती, विधवा किती. मी कुंचा धरून ऐकायचो. एक गोष्ट ध्यानात आली. ज्या घराचं वावर लहान, त्या घरची बाई दारात येऊन मोठ्यानं उत्तर देते. वावर वाढलं की ती दाराआड जाते. अजून वाढलं की उत्तर नवरा देतो. अजून वाढलं की नवरा म्हणतो, बायांचं काय विचारता. मी कारकुनाला म्हणालो, तुम्ही एकर विचारा, बाकीचं आपोआप लिहून होईल. त्यानं मला कामावरून काढायची धमकी दिली.

तर धामणगाव बढ्याला, वहिनींच्या माहेरगावी, एका घरावर नंबर टाकत होतो. आत एकटीच म्हातारी, तानुबाई नावाची.

"कुठचा बे तू?"

"डोणगावचा."

"कोनाचा?"

बापाचं नाव सांगितलं. म्हातारी उठली, माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. "रुक्मीचा लेक! अरे, तुह्या मायले बांगड्या म्या भरल्या. दुसऱ्या टायमाच्या."

दादा, आईचं पहिलं लग्न धामणगावात झालं होतं. नवरा पटकीत गेला, आई तेव्हा चौदा वर्षांची. मग आपल्या बापाशी पाट लागला. तानुबाई म्हणाली, "आमी चार बोडक्या कपायाच्या, नवरे मेलेल्या बाया होतो. आमीच लागतो नं त्या कामाले. दिवा बी सुपाखाली झाकला होता. उजाडाच्या आंधी गाडीत घातली, तोंडावर फडकं टाकून. कोनी सवाशीन पायीन तं तिचा नवरा मरते म्हंतात."

कावेचा डबा माझ्या पायावर सांडला.

आठव आता. तुझ्या लग्नात आई कुठं होती? मी नऊ वर्षांचा होतो, मला स्पष्ट आठवतं. गोठ्यामागं, पऱ्हाटीच्या कुडाआड उभी होती, आणि काड्यांच्या फटीतून तुझ्या डोक्यावर अक्षता पडताना पाहत होती. सगळे म्हणाले, लाजाळू आहे. कोकिळेच्या लग्नात हळद काकूनं लावली. आईची म्हणे कंबर धरली होती. दर लग्नाला तिची कंबर धरायची. आपण हसायचो. मी नक्कल करून दाखवायचो, आणि तीसुद्धा हसायची, दादा. ती हसायची.

तू तेव्हा वीस वर्षांचा होतास. पाट लागलेल्या बाईला शुभकार्यात पुढं येऊ देत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. मला एवढंच सांग, आई गेली त्या दिवशी तरी तिला कुणी सांगितलं का, की आता पुढं ये?

हे मी कोकिळेला सांगितलं, मेहकरला, देवळाच्या पायऱ्यांवर. तिनं प्रसादाची पुडी पदराला गाठ मारून बांधली. मग म्हणाली, "मी मागं उभी नाई राह्यनार." तिच्या अटीचं मूळ इतकंच आहे. मी भरवलेली नाही.

शेषराव


सोनाळा, ता. ३० मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मला लिहायची सवय लागली.

तुझ्या कार्डानं इथं सगळ्यांना सोपं झालं. पोरीच्या भावाचीच हरकत नाही, मग रात्री उरकू, असं म्हणत लोक उठायलाच लागले होते. कोकिळा पुढं आली.

रंगराव म्हणाले, "पोरी, रीत का मी केली? माह्या आज्याच्या आंधीची हाय."

"म्हनून तं तुमच्यावर राग नाई, आबा. पन माह्या मायनं सारी उमर कुडाआडून लग्नं पाह्यली. मी पाटावर बसून पायीन. माहं सोताचं तरी."

"लय बोलते बे तुही बहीन," ते मला म्हणाले.

"डोणगावात नोती बोलत. तुमच्या गावचं पानी."

ते हसले. म्हातारा वाईट नाही. त्यांची बायको सरस्वतीबाई आतून ओरडली, "दिवसा पाट म्हंजे का बाजार हाय? आन कुंकू लावाले कोन येते? आपल्या नवऱ्याचा जीव कोनाले जड झाला?"

यावर रंगरावांना एक युक्ती सुचली. काडी मोडून टाकावी तसं बोलले, "हे पाह्य. एक सवाशीन आन. एकच. जातीतली, नवरा जिवंत असलेली. तिनं राजीखुशीनं दिवसाउजेडी हिले कुंकू लावलं, तं मी माह्या दारापासून डफडं वाजवत आनतो. नाई भेटली, तं गुपचूप रात्री. कबूल?"

"कबूल," कोकिळा म्हणाली. "रात्रीचं सोडून."

"म्हंजे?"

"सवाशीन भेटली नाई, तं मी बसतच नाई पाटाले. जाईन वापस, बोडक्या कपायानं."

कडूबा खांबाला टेकून उभा होता. त्याच्या तोंडचा रंग गेलेला मी पाहिला.

तेव्हापासून मी दारोदार फिरतोय. नंबर टाकत फिरलो तसाच, फक्त आता हातात कुंचा नाही. बाया कोकिळेला चांगलं म्हणतात. भाकरी वाढतात, कांद्याची रोपं मागतात, डोळे पुसतात. कुंकवाचं नाव काढलं की चुलीकडं वळतात. शालूबाई नावाच्या एकीनं तर मला पाटावर बसवून जेवू घातलं आणि म्हणाली, "मले सांगू नको बापा, मी हो म्हनून टाकीन." आणि दार लावून घेतलं.

एक मात्र भेटली. वच्छलाबाई, कडूबाच्या शेजारची, जिभेची तिखट. म्हणाली, "माह्या नवऱ्याले मी रोज मर म्हंते, अजून मेला नाई. कुंकवानं का मरते?" आम्ही दोन दिवस हवेत होतो. कोकिळेनं मोटेवर गाणं म्हटलं. परवा वच्छलाबाईच्या नवऱ्यानं उन्हात ठेवलेलं अर्धं खरबूज खाल्लं, आणि काल त्याला जुलाब आणि ताप. ती आली ती रडतच.

"बाई, ते खरबुजानं," मी म्हणालो.

"मले ठाऊक हाय, शेषाभाऊ. खरबुजानंच असन. पन नसन तं?"

ती वाईट नाही, अडाणी नाही. तिच्या आईनं, आजीनं, साऱ्या गावानं तिच्या पोटात तो 'नसन तं' घालून ठेवलाय, आणि माझ्या तोंडच्या चार शब्दांनी तो बाहेर निघत नाही. माझ्याही पोटात असतील असले. तुझ्या तर आहेतच.

आता एक कबूल करतो, कारण तुलाच दोष देत बसलो तर मला झोप लागणार नाही. कोकिळेचा नवरा गेला तेव्हाचा तुझा निरोप मला पोचला नाही, असं मी सांगत आलो. पोचला होता. मी तेव्हा खामगावला एका बायस्कोपवाल्याचं मशीन फिरवत होतो. हातानं दांडा फिरवायचा, पडद्यावर माणसं धावायची. निरोप आला त्या दिवशी नवं चित्र आलं होतं. म्हटलं, उद्या जाऊ. मग मलकापूर, मग बऱ्हाणपूर. उद्याची दोन वर्षं झाली. आलो तेव्हा तिच्या हातात बांगड्या नव्हत्या आणि ती कुजबुजत होती. तू तिला आत ठेवलीस, मी तिला तिथं राहू दिली.

म्हणून आता हलत नाही इथून.

शेषराव


सोनाळा, ता. ५ एप्रिल

दादा,

आज मी सासरा झालो. हसू नको, आधी वाच.

कडूबा बिनलग्नाचा. बिनलग्नाच्या माणसाला पाट लावायचा तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात, म्हणजे त्याचंही पहिलं होऊन जातं. मग ते झाड उपटून टाकायचं, की तो विधुर. विधुराला विधवा, हिशेब सारखा. सकाळी नाल्याच्या काठी चांगली कंबरभर उंच, जांभळ्या फुलांची रुई शोधली. तिला पिवळा दोरा बांधला. मुलीचा बाप म्हणून मी उभा राहिलो. रंगरावांनी अक्षता टाकल्या. हे लग्न दिवसा चालतं बरं का. झाडाला सवाशिणीही हळद लावून गेल्या, सरस्वतीबाईसुद्धा. कोकिळा लांब बांधावर बसून पाहत होती. म्हणाली, "झाडाले चालते."

सरस्वतीबाईनं हळदीचं बोट पदराला पुसलं.

मग उपटायची वेळ. रुईचं मूळ किती खोल जातं तुला ठाऊक आहे. मी आणि कडूबा दोघं ओढतोय, झाड जागचं हलेना, अंगभर चीक. शेवटी सोटासकट निघालं आणि आम्ही दोघं नाल्यात आडवे. कोकिळा ओरडली, "तुमची पह्यली लय खट होती वो!"

कडूबा चिखलातून उठत म्हणाला, "दुसरी बी तशीच भेटून राह्यली." आयुष्यातलं त्याचं एवढं लांब पहिलं बोलणं असेल.

पण घरी आल्यावर दोघांचं वाजलं. खरं वाजलं. चुलतभाऊ त्याला सांगून गेला होता, की रंगरावांचा शब्द डावलून काही केलं, तर जातीबाहेर टाकतील, आणि मग सामायिक विहिरीवर त्याची मोट चालू देणार नाही. कडूबा ओट्यावर बसून म्हणाला, "रात्री उरकू. एका रात्रीचा प्रश्न हाय. मंग सारी उमर दिवसच हाय."

कोकिळा म्हणाली, "माह्या बापानं बी मायले असंच सांगतलं असन."

"मी तुले कुडाआड नाई ठेवनार."

"तुमी नाई ठेवनार. गाव ठेवन. तुमी विहिरीपायी गप बसान."

तो उठून वावरात गेला. ती भांडी घासत बसली, एकच तवा कितीदा घासला मोजता आलं नाही. मी मध्ये पडलो. म्हणालो, कोकिळा, माणूस चांगला आहे, असा पुन्हा मिळणार नाही. ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भाऊ, मले त्याइच्याशिवाय ऱ्हायाचं नाई. म्हनून तं भेव लागते, का मी रात्रीले हो म्हनून टाकीन."

तेव्हा मला कळलं की तिलाही सोपं नाही. मी आपला बाहेरून टाळ्या वाजवत होतो.

मी विचारलं, तूच लावून घे कुंकू, आपल्या हातानं. ती म्हणाली, "आपल्या हातानं लावाले हिंमत लागत नाई. दुसरीच्या हाताले लागते. एकीनं लावलं न, का दुसरीचं भेव जाईन. मंग माह्या मांगं जी येईन तिच्यासाठी सोपं."

पाच दिवस उरले. गावातली सगळी दारं झाली. काल सायखेडला जाऊन आलो, आपल्या जातीची तीन घरं आहेत. तिथंही नाही. दादा, तुझ्याकडं काही मागत नाही. तू रोज सकाळी देवापुढं बसतोस, बस. पण गंध उगाळताना एकदा आठव, की तुझं कपाळ कुणी कधी पुसलं नाही.

मले आता लिवनं होत नाई. रागात आलो की शाळेची भाषा सुटते.

शेषा


सोनाळा, शुक्रवार, ता. १० एप्रिल, सकाळ

दादा,

कडूबाच्या ओट्यावर बसून लिहितोय. करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून.

अंगण सारवलं आहे. पाट मांडला आहे. कोकिळा त्याच्याशेजारी भुईवर बसली आहे, हिरव्या लुगड्यात. पाटावर बसलेली नाही. रंगराव आले आहेत, त्यांच्यामागं आठदहा माणसं. डफडेवाला झाडाखाली डफडं उन्हात तापवत ठेवून बिडी ओढतोय. बाया कुंपणापलीकडं आहेत, इकडं एकही नाही. रंगराव म्हणाले, सूर्य डोक्यावर येईपर्यंत थांबतो.

कडूबानं पहाटे येऊन कोकिळेला काय सांगितलं ते मला तिनं सांगितलं. तो म्हणाला, "तू वापस गेली, तं मी बी दुसरं करत नाई. रुईचा विधुर म्हनून ऱ्हाईन." आता तो विहिरीकडं तोंड करून उभा आहे. मला वाटतं त्याचं ठरलं आहे. विहीर गेली तर गेली. पण कोकिळेला ते नको. ती म्हणते, "कोनाचं नुकसान करून नाई. कोनी आपनहून आलं तं."

मी सकाळपासून तीनदा वेशीपर्यंत जाऊन आलो. कशाला, देव जाणे. सरस्वतीबाई कुंपणावरून म्हणाली, "पोरा, बस आता. लाज वाटते पायाले." मी म्हणालो, "कोनाची, माही का तुमची?" तिनं तोंड फिरवलं. रागावली नाही. वच्छलाबाई तिच्यामागं उभी आहे, हातात हळदीकुंकवाची डबी घेऊन. आणलीये, पण पाऊल टाकत नाही. तिचा नवरा बरा होऊन माणसांत बसलाय.

सावली ओट्याखाली आली. कोकिळा उठायच्या बेतात

दादा, थांब. गाडी आली आहे.

वेशीकडून एक छकडा आला आणि कुंपणाशी थांबला. मला वाटलं कुणी वाट चुकलं. आधी उतरली ती तानुबाई, धामणगावची, काठी टेकत. तिच्यामागं दुसरी. डोक्यावर पदर, पण तोंड पुरतं उघडं. पायांना धूळ. भर उन्हात, एवढ्या परक्या माणसांच्या देखत सरळ चालत अंगणात आली.

तुझी बायको आली आहे. अन्नपूर्णावहिनी.

मी पाया पडायचंही विसरलो. "वहिनी, तुमी? काऊन, कसं?"

"आखाजीच्या सनाले माहेरी चालली म्हनून सांगतलं. थोडी लौकर निघाली." मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "पत्रं त्याइच्या कोटात होती. अंबूकडून वाचून घेतली. दोन-दोनदा. तुमचं अक्षर लय खराब हाय, भाऊजी, पोरगी अडखळते."

"सासूबाईंचं मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "धामनगावची लेक हाय मी. लग्नाच्या आंधीपासून ठाऊक होतं. चवदा वर्सं त्याइच्या मानापायी बोलली नाई. सासूबाई गेल्या, तरी बोलली नाई."

रंगराव उठून उभे राहिलेत. सरस्वतीबाई कुंपण ओलांडून आत आली आणि वहिनींचा हात धरला. "बाई, मोठ्या घरची दिसते. नवऱ्याचा इचार केला का?"

"चवदा वर्सं तोच करून राह्यली," वहिनी म्हणाल्या, आणि हात सोडवून घेतला.

कोकिळा पाटावर बसली आहे. रंगरावांनी डफडेवाल्याकडं मान हलवली. वहिनींनी वच्छलाबाईच्या हातून डबी घेतली, अंगठ्याशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, आणि मला म्हणतात, पत्र लिहून राह्यले ना, मंग आंधी हे लिहा. तेव्हा त्या सांगतात तसं, शब्दाला शब्द लिहितो:

"त्याइले म्हना, मी आपल्या खुशीनं आली. जेवन टायमावर करजा, उन्हात हिंडू नका, रात्री पांघरून घेजा. मी आखाजीनंतर येते. तवर काई झालं तं लोकं माह्या बोटाले नाव ठेवतीन. म्हनून धडधाकट ऱ्हायजा. डोनगावातल्या साऱ्या बायाइले तुमी धडधाकट दिसले पायजे."